सहा भोकांची रिंग

शेव्हरलेटची ३१०० ही पिकअप अमेरिकेत अर्ध्या टनाची गाडी म्हणून विकली जाई. तिकडचा टन दोन हजार पौंडांचा. म्हणजे मागच्या हौद्यात हजार पौंड, आपले साडेचारशे किलो. कोल्हापुरी गुळाचा रवा तीस किलोचा धरला, तर पंधरा रवे झाले. पंधरा रव्यांसाठी आमच्याकडं कुणी गाडी काढत नव्हतं. तीस-पस्तीस रवे, वर दोन हमाल, केबिनमध्ये चालकाशेजारी व्यापारी स्वतः, एवढं घेऊन ही गाडी गगनबावड्याकडं निघायची. घाट उतरताना भार पुढं झुकायचा, आणि पुढचे टायर होते सहा इंच रुंदीचे.

आमचं टायरचं दुकान. आबांनी ते रिमोल्डिंगपासून सुरू केलं, मी त्या वासात वाढलो, आणि आता जुन्या गाड्यांची चाकं हे माझं रोजचं काम झालं आहे. जुनी गाडी उभी करणारा माणूस आधी इंजिनावर खर्च करतो, मग पत्र्यावर, मग रंगावर. चाकांची पाळी शेवटी येते. तोवर पैसा संपलेला असतो, घाई झालेली असते, आणि मग मिळेल ते बसवलं जातं. माझा आग्रह असतो की चाकं आधी ठरवा. गाडी कसल्या रस्त्यासाठी, किती भारासाठी आणि किती वेगासाठी घडवली, हे चाकावरून कळतं. आणि आज बाजारात काय मिळतं नि काय मिळत नाही, यामागं सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे निर्णय आहेत. ते ठाऊक असले की उगाच वणवण होत नाही.

सध्या दुकानात उभी असलेली ३१०० ही १९५१ सालची आहे. शाहूपुरीतल्या एका गूळव्यापाऱ्याच्या घरची. तिच्यावर खर्च करतोय त्यांचा नातू. गाडी बरीच वर्षं गोदामात विटांवर चढवून ठेवलेली होती, त्यामुळं सांगाडा चांगला राहिला. चाकं मात्र चार तऱ्हेची. तीन रिंगा मूळच्या, सहा भोकांच्या, मधली डिश रिंगेला रिव्हेटनं बसवलेली. चौथी कुणीतरी दुसऱ्याच गाडीची आणून, भोकं कानशीनं लांबट करून चढवलेली. टायर बघावेत तर एक जीपचा, दोन रिमोल्ड केलेले, आणि एकावर चक्क ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाच्या उभ्या पट्ट्या. चारी टायरांवर माप मात्र एकच : ६.००-१६.

हे माप कुठून आलं ते आधी सांगायला हवं.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात टायरवर बाहेरचा व्यास आणि रुंदी लिहीत. फोर्डच्या मॉडेल टीला पुढं ३० बाय ३ आणि मागं ३० बाय साडेतीन. म्हणजे चाक तीस इंच उंच आणि टायर जेमतेम तीन-साडेतीन इंच जाड. तो अरुंद टायर दगडासारखा फुगवावा लागे. १९२३ च्या सुमाराला कमी हवेचे, जाड 'बलून' टायर आले आणि लिहिण्याची रीतही पालटली. आधी टायरची रुंदी, मग रिंगेचा व्यास. १९२८ च्या मॉडेल ए फोर्डला ४.५०-२१ होता, १९३० च्या मॉडेल एला ४.७५-१९. रिंग लहान होत गेली आणि टायर जाड होत गेला, कारण धक्का खायचं काम लाकडी आऱ्यांकडून आणि स्प्रिंगांकडून थोडं थोडं करून हवेकडं सोपवलं जात होतं. १९३५ च्या फोर्ड व्ही-८ ला ६.००-१६ आला आणि बघता बघता अमेरिकेत ते सर्वसाधारण माप होऊन बसलं. म्हणूनच १९४१ मध्ये लष्करासाठी जीप घडवताना तिलाही ६.००-१६ दिला गेला. कारखान्यांत साचे तयार, गोदामांत माल तयार. युद्धाच्या घाईत नवं माप काढायला सवड कुणाला होती?

आता आपल्याकडं या. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. सुटे भाग पेट्यांतून बंदरावर उतरायचे आणि इथं गाडी उभी राहायची. शिवडीतच पुढं फायरस्टोनचा टायरचा कारखाना झाला. त्याचंच नाव पुढं बॉम्बे टायर इंटरनॅशनल. अबकारी कराची आकारणी कोणत्या किमतीवर करायची, या प्रश्नावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १९८३ चा निकाल वकिलांना आजही पाठ असतो, तो याच कंपनीच्या नावाचा. नंतर ती मोदीस्टोन झाली, आणि मग तिथली भट्टी विझली. आबांच्या तोंडी शेवटपर्यंत 'फायरष्टोन'च होतं. एकाच भागात गाडीही उभी राहत होती आणि तिचा टायरही शिजत होता, याचं मला अजून अप्रूप वाटतं. शिवडी म्हटलं की लोकांना किल्ला आणि फ्लेमिंगो आठवतात, मला रबराचा वास आठवतो.

१९४२ साली जपाननं मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतलं आणि जगातला बहुतेक नैसर्गिक रबर एका फटक्यात दोस्त राष्ट्रांच्या हातून गेला. अमेरिकेत त्या वर्षी सगळ्यांत आधी रेशनिंग आलं ते टायरवर. साखर, कॉफी, पेट्रोल यांची पाळी मागाहून आली. पेट्रोलचं रेशनिंगसुद्धा मुख्यतः रबर वाचवण्यासाठी होतं : गाडी कमी फिरली तर टायर कमी झिजेल. ताशी ३५ मैलांची वेगमर्यादाही त्याचसाठी. कृत्रिम रबराचे कारखाने तिथं त्या दोन-तीन वर्षांत उभे राहिले. आपल्याकडं त्रावणकोरचा रबर होता, पण लष्कराची भूक मोठी होती. जुना टायर टाकून द्यायचा नसतो, त्यावर नवी कातडी चढवायची असते, ही सवय आपल्या वाहतूकदारांना त्या टंचाईनं पक्की लावली.

आबांचा धंदा त्याच सवयीवर उभा राहिला. झिजलेला टायर खरवडायचा, त्यावर सोल्यूशन लावायचं, कच्च्या रबराचा पट्टा गुंडाळायचा आणि साच्यात घालून वाफेवर शिजवायचा. आज ज्या एमआरएफचं नाव क्रिकेटच्या बॅटवर दिसतं, ती कंपनी १९४६ मध्ये मद्रासला फुगे करत होती, आणि १९५२ मध्ये तिनं पहिली मोठी उडी घेतली ती टायरमध्ये नव्हे, रिमोल्डिंगच्या या पट्ट्यामध्येच. पूर्ण टायर ती १९६१ पासून करू लागली. मुंबईला भांडुपमध्ये सिएट १९५८ साली आली. हुगळीजवळ साहागंजला डनलॉपचा कारखाना तर १९३६ पासून होता. म्हणजे टायरच्या बाबतीत आपण बऱ्यापैकी लवकर पायावर उभे राहिलो.

रिंगेचं तसं झालं नाही. माझ्या धंद्यातली सगळी मेख इथं आहे.

युद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कराचा माल भारतात पडून राहिला आणि सरकारनं तो डिस्पोजलमध्ये विकला. जीपा, डॉज वेपन कॅरियर, ट्रेलर, आणि टायर-रिंगांचे ढीग. आमच्या भागातल्या जुन्या बागायतदारांच्या घरात 'डिस्पोजलची जीप' हा शब्द आजही चालतो. त्याच सुमारास देशात गाडी बनवायचे प्रयत्न सुरू झाले होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज, फार्गो या नावांचे ट्रक जोडायला घेतले. महिंद्रांनी १९४९ मध्ये माझगावला विलिज जीप जोडायला सुरुवात केली. मग १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर केंद्र सरकारनं ठरवलं, की ज्यांना इथं भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी नुसती जोडणी बंद करावी. प्रीमियर आणि महिंद्रा राहिले. जनरल मोटर्सनं १९५४ मध्ये शिवडीतून गाशा गुंडाळला. फोर्डही गेली.

देशाच्या दृष्टीनं तो निर्णय बरोबर होता असंच मी मानतो. पेट्या फोडून नट आवळत बसलो असतो, तर उद्यमनगरातल्या फाउंड्र्या आणि लेथ आज दिसतात तशा दिसल्या नसत्या. पण त्याचा परिणाम माझ्या दुकानात असा दिसतो : जीपची पाच भोकांची रिंग इथं कित्येक वर्षं बनत राहिली, म्हणून आजही भंगारात, गॅरेजात, कुणाच्या तरी गोठ्यामागं ती सापडते. शेव्हरलेटची सहा भोकांची रिंग १९५४ नंतर यायची थांबली. जेवढ्या गाड्या, जास्तीत जास्त तेवढ्या गुणिले पाच रिंगा, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आता मातीत.

३१०० चा टायर मिळतो तो जीपमुळं, आणि खरं तर जीपपेक्षाही ट्रॅक्टरमुळं. महिंद्रांनी १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली. आज महिंद्राच्या २७५ ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना ६.००-१६ असतो, मॅसीच्या १०३५ लाही असतो. खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकांनी हे माप जिवंत ठेवलं. डॉज वेपन कॅरियरचा ९.००-१६ सुद्धा असाच वाचला. उसाच्या ट्रॉलीला तो लागतो. रुंद, टेकड्या-टेकड्यांचा लष्करी टायर आणि कारखान्याच्या गेटवर उसाखाली दबलेला ट्रॉलीचा टायर, दोघांचं माप एक. उसानं आणखीही एक माप सांभाळलंय. बैलगाडीच्या लोखंडी धावेनं खडीचे रस्ते दळले जात होते, म्हणून गाड्यांना हवेचे टायर बसवायची चाल पडली. साखर कारखान्यांनी तोडणीच्या टोळ्यांना टायरगाड्या दिल्या, आणि त्यांच्यासाठी ७.००-१९, ८.००-१९ असे एकोणीस इंची टायर आजही निघतात. मोटारीतून १९ इंची अरुंद रिंग जाऊन कितीतरी काळ लोटला, बैलांनी ती ठेवली.

पण इथंच फसगत होते. ६.००-१६ मिळाला म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि ट्रॅक्टरचा टायर पिकअपवर चढतो. बसतोही नीट. या ३१०० च्या एका चाकावर तोच होता. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर एफ-२ अशी खूण असते आणि शेजारी ए-६ किंवा ए-८. ए-६ म्हणजे ताशी ३० किलोमीटरपर्यंत, ए-८ म्हणजे ४०. त्या वेगाच्या वर त्याची पोटं तापतात. रबर जाड असतं, उष्णता बाहेर पडत नाही, थर सुटायला लागतात. वरून तो टायर अगदी नवा दिसतो, ही त्यातली भीतीची गोष्ट. शिवाय त्याच्या उभ्या पट्ट्या नांगरटीत गाडी सरळ ठेवायला आहेत, ओल्या डांबरावर ब्रेक धरायला नाहीत. शेतातल्या कामाचा तो उत्तम टायर आहे. रस्त्यावरच्या गाडीला तो लावायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. जीपसाठी रस्त्याच्या नक्षीचा आणि लष्करी नक्षीचा ६.००-१६ वेगळा मिळतो. तो मागवावा लागतो, थांबावं लागतं. थांबावं.

नातवाचा प्रश्न मात्र दुसराच होता. "काका, ह्येला अलॉय बसतील का ओ? फॉर्च्युनरचे?"

मी म्हटलं, "भोकं बसतील."

खरंच बसतात. फॉर्च्युनरच्या, पजेरोच्या माहितीपत्रकात चाकाच्या स्टडांचं वर्तुळ १३९.७ मिलिमीटर लिहिलेलं असतं. दशमान पद्धतीत इतका अडनिडा आकडा का, असं कुणालाही वाटेल. १३९.७ ला २५.४ नं भागा, साडेपाच येतात. अमेरिकन ट्रकांचं साडेपाच इंची वर्तुळ जपान्यांनी उचललं, आणि ते मिलिमीटरचा सदरा घालून आपल्याकडं परत आलं. शेव्हरलेट ३१०० चं वर्तुळ साडेपाच इंच, स्टड सहा. जीपचं वर्तुळही साडेपाच इंच, स्टड पाच. मारुती जिप्सीचंही तेच, पाच आणि १३९.७.

हे मोजायचं कसं, ते भल्याभल्या फिटरना सांगता येत नाही. सहा भोकांत काम सोपं : समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यातलं अंतर म्हणजेच वर्तुळाचा व्यास. पाच भोकांत समोर भोकच नसतं. तिथं शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर घ्यायचं आणि १.७०१ नं गुणायचं. जीपच्या रिंगेवर हे अंतर साधारण ८२.१ मिलिमीटर येतं. ८२.१ गुणिले १.७०१, म्हणजे १३९.७. मध्य डोळ्यानं धरायचा नाही. व्हर्निअर एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत लावला की मध्य शोधावाच लागत नाही. आमच्याकडं नवीन पोरगं आलं की मी पहिल्यांदा हे शिकवतो, पंक्चर नंतर.

तर भोकं बसतील. पण चाक म्हणजे भोकं नव्हेत. नव्या चाकाचा ऑफसेट वेगळा असतो, म्हणजे टायरची मध्यरेषा हबाच्या जागेपासून आत किंवा बाहेर सरकते. जुन्या गाडीत पुढच्या चाकाचा भार किंगपिनच्या रेषेजवळ टेकेल असा हिशेब केलेला असतो. ती रेषा हलली की स्टिअरिंग जड होतं, खड्ड्यात हातातून हिसकतं, आणि हबाच्या बेअरिंगवर तिरका भार येतो. रुंद टायर वळताना पुढच्या पाट्याला घासतो तो वेगळाच. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. मूळचा पातळ टायर आणि हे मोठं स्टिअरिंग व्हील यांचं गणित एकमेकांशी जुळवलेलं आहे.

इंजिनाचाही विचार करा. २१६ घनइंचाचं सहा सिलिंडरचं हे इंजिन, कनेक्टिंग रॉडला व्हाइट मेटल ओतलेलं, आणि रॉडला तेल मिळतं ते बरंचसं उडवून. जोमदार, शांत इंजिन, पण फार वेळ जोरात फिरवण्यासाठी नाही. डिफरन्शियल ४.११. ६.००-१६ टायर उभा साधारण साडेअठ्ठावीस इंच. दिसायला बरं म्हणून लोक २६ इंच उंचीचा टायर घालतात, आणि त्याच वेगाला इंजिन जवळपास दहा टक्के जास्त फिरायला लागतं. स्पीडोमीटर खोटं बोलतो तो भाग निराळा. व्हाइट मेटल पुन्हा ओतून देणारे कारागीर आता शोधावे लागतात. टायरच्या हौसेपायी इंजिन खर्ची घालायचं मला पटत नाही.

आणि अरुंद टायर म्हणजे मागासलेला टायर, असं कुणी समजू नये. १९४३ साली नागपूरला सगळ्या प्रांतांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि देशाच्या रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा झाला, त्यात शंभर चौरस किलोमीटरला सोळा किलोमीटर रस्ता हे उद्दिष्ट होतं. यावरून आधी काय होतं त्याची कल्पना येईल. खडी-मुरमाचे रस्ते, पावसात काळ्या मातीचा चिखल. त्या चिखलात रुंद टायर वर तरंगतो आणि घसरतो. अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण थराला टेकतो आणि तिथं पकड घेतो. वारणेच्या आणि पंचगंगेच्या काठच्या मळीच्या रानात जीपा कशा चालल्या, याचं अर्धं उत्तर चार चाकांच्या ओढीत आहे आणि अर्धं या सहा इंचांत.

ट्यूबलेस आणि रेडिअलचं विचारणारेही येतात. रिव्हेटची रिंग ट्यूबलेस होऊच शकत नाही, रिव्हेटांच्या फटींतून हवा जाते. रेडिअल टायर ट्यूब घालून चालवता येतो, आणि रस्त्यावर तो अधिक स्थिर चालतो हे मी मान्य करतो. पण रेडिअलची बाजू मऊ असते, वळणावर तो रिंगेच्या कडेवर वेगळ्या तऱ्हेनं ताण देतो, आणि या रिंगा त्या ताणासाठी केलेल्या नाहीत. सत्तर वर्षांच्या पोलादावर तो प्रयोग मी करत नाही. बायस-प्लाय नायलॉन टायर, आत चांगली ट्यूब, सहा प्लायचं रेटिंग. प्लाय म्हणजे एकेकाळी खरेच कापडाचे थर होते, सुती दोऱ्याचे. रेयॉन, नायलॉन आल्यावर थर कमी झाले, पण ताकद मोजायची जुनी भाषा राहिली. नायलॉनची एक खोड मात्र गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवतो : गाडी आठवडाभर उभी राहिली की टायर खालून चपटा बसतो आणि सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी थडथडते. घाबरून व्हील बॅलन्सिंगला पळायचं नाही. टायर तापला की गोल होतो.

रिंग तपासायला मात्र वेळ द्यावा. रंग पूर्ण खरवडायचा, मगच बघायचं. रिव्हेटच्या डोक्याभोवती गंजाची तांबडी रेघ दिसली म्हणजे तो रिव्हेट हलतोय. लहान हातोडीनं टकटक करत गेलं की घट्ट रिव्हेट खणखणीत वाजतो, सैल झालेला बद्द. मग रिंग हबावर चढवून डायल लावायचा. कडेला एक सोळांश इंचापर्यंतचं आउट मी चालवून घेतो, त्यापुढं नाही. नटाची बसकी शंकूच्या आकाराची असते. ती जागा झिजून पसरट झाली असेल, तर नट कितीही आवळा, डिश हलत राहते आणि एक दिवस स्टड कापून टाकते. या गाडीच्या चौथ्या रिंगेची भोकं कानशीनं वाढवलेली होती, ती मी पहिल्या दिवशीच बाजूला काढली. भोकात वेल्डिंग भरून पुन्हा पाडून देणारे आहेत, मी त्यातला नाही. घाटात त्या चाकावर माणसं बसलेली असतात.

जीपवाल्यांना आणखी एक सांगतो. जुन्या जीपेच्या डाव्या बाजूच्या स्टडांना उलटे आटे असतात. चाक पुढं फिरताना नट सैल होऊ नये, म्हणून केलेली ती योजना. ते न कळता लांब पाइप घालून जोर लावत कितीतरी स्टड तोडलेले मी पाहिले आहेत. पाना लावण्याआधी स्टडच्या टोकावरचं अक्षर पुसून बघा.

लष्करी जीपेच्या आणि वेपन कॅरियरच्या दोन तुकड्यांच्या रिंगा हा तर जिवाशी खेळ आहे. दोन अर्धुकं नटांनी जोडलेली असतात, आणि चाक हबाला धरून ठेवणारे नट त्यांच्या शेजारीच. हवा न काढता चुकीचा नट सोडला की रिंग फुटून अंगावर येते. मोठ्या ट्रकांच्या लॉक रिंगेचंही तेच. आबा हवा भरताना चाक उताणं ठेवून त्याला साखळीचे दोन वेढे घालत, हवेची नळी लांब धरत आणि कुणालाही वाकू देत नसत. लहानपणी मी जवळ गेलो तर ओरडत, एरवी कधी न ओरडणारा माणूस. आता लोखंडी पिंजरा आहे. साखळी अजून त्याच खुंटीला आहे, आणि पिंजऱ्यात मावत नाही असं चाक आलं की ती निघते.

शेव्हरलेटचा हिशेब असा झाला. मूळच्या तीन रिंगा डायलवर नीट आल्या. एकीचे दोन रिव्हेट बदलावे लागले, ते उद्यमनगरात गरम करूनच बसवले. चौथी रिंग सांगलीकडच्या एका भंगारवाल्याकडं निघाली, तिच्यात कोंबड्यांना पाणी ठेवलं होतं. पाणी ठेवलेली बाजू गंजून कागद झाली असेल असं वाटलं, पण जाड निघाली, पोलाद चांगलं. टायर नवे, रस्त्याच्या नक्षीचे, चारही एका तारखेचे. आठवडा आणि वर्ष सांगणारे बाजूवरचे चार आकडे मी गिऱ्हाइकाला स्वतः वाचायला लावतो, कारण न चाललेला टायरही गोदामात म्हातारा होतो. नातवानं पंधरा रव्यांच्या वर भार घालणार नाही असं कबूल केलंय.

पाचवं चाक राहिलंय. स्टेपनीशिवाय मी गाडी घाटात सोडणार नाही, हे त्यालाही सांगितलंय. जबलपूरला १९६९ पासून लष्करासाठी बनलेली जोंगा ही निस्सान पेट्रोलच्या घराण्यातली, सहा स्टडची, सोळा इंची चाकांची. लिलावातून सुटलेल्या जोंगांच्या रिंगा अधूनमधून बाजारात येतात, आणि मधलं भोक नि ऑफसेट मोजून जुळला तर स्टेपनी म्हणून तीही चालेल. मूळची मिळाली तर उत्तमच. सोळा इंची, सहा भोकं, समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांत साडेपाच इंच, डिश रिव्हेटनं बसवलेली, बाहेरच्या बाजूला कप अडकवायला छोटे उंचवटे. रंग कोणताही असो, गंज वरवरचा असला तरी चालेल. भोकं मात्र कानशीनं वाढवलेली नकोत.